सात पाकळ्यांचं कमळ

आज बाजारात रांगोळीची स्टिकरं चाळताना हात थबकला. समोर कमळ होतं, सातच पाकळ्यांचं. आठवीची जागा रिकामी.

ती रिकामी जागा मला पाठ आहे. शेजारच्या सुमनकाकूंच्या दारातली एक फरशी फुटकी आहे. तिच्यावर रांगोळी नीट पडत नाही, म्हणून त्यांचं कमळ कायम एका पाकळीने उणं. कुणीही वही घेऊन यावं, काकू ठिपके मोजून देतात. हे कमळ माझं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्याचा फोटो हौसेने इंटरनेटवर टाकला तो मी.

कुणीतरी तो उचलून जसाच्या तसा छापला, आणि खाली बारीक अक्षरांत उलट आपल्यालाच दटावलं: ‘डिझाइन आमच्या मालकीचे. नक्कल केल्यास कायदेशीर कारवाई.’ सगळ्यांसाठी दारात मांडलेल्या गोष्टीला कुंपण घालणं इतकं सोपं असतं?

घरी येऊन काकूंना स्टिकर दाखवलं, माझ्या फोटोचंही सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. हातातला रांगोळीचा डबा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “म्हणजे उद्यापासून मी काढायची नाही का गं?”