आधी बोट काढा

“दिवंगत सुजाताताईंनी आमच्या मोबाईलच्या रिकव्हरी पडद्यासाठी सोपे मराठी शब्द सुचवले. पडद्याची रचना आणि चित्रे आमच्या पुणे कार्यालयात तयार झाली. शब्दांच्या या मोलाच्या साहाय्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.”

मागच्या महिन्यात बेलापूरच्या बुद्धविहारात सुजाताची शोकसभा झाली. त्या सभेत कंपनीकडून आलेले हे पत्र आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी वाचून दाखवले. या तीन वाक्यांपैकी पहिले अर्धसत्य आहे, दुसरे असत्य आहे आणि तिसरे दुसऱ्यावर उभे असल्यामुळे निरुपयोगी आहे. मी हे तिथेच सांगण्यासाठी उठलो होतो, पण मुख्याध्यापकांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, “सर, आज नको.” आज नको, तर कधी? शाळेच्या कार्यशाळेला सुजाताचे नाव द्यायचे ठरले आहे आणि दारावरच्या पाटीसाठी पत्रातलाच मजकूर घेतला आहे: ‘मोबाईल पडद्याचे मराठी शब्दांकन करणाऱ्या’. सभा उठल्यावर सुजाताची आई गयाबाई माझ्यापाशी आल्या. रडून झालेले होते. त्यांनी एवढेच विचारले, “सर, माझ्या पोरीनं नुसते शब्दच दिले व्हय?” त्यांना तोंडी दिलेले उत्तर पाटी बदलू शकत नाही. म्हणून हे लिहीत आहे.

मी त्या शाळेत छत्तीस वर्षे तांत्रिक विषय शिकवले. सुजाता आठवीत माझ्या वर्गात आली. वडील साखर कारखान्यात फिटर, आणि मुलीने ड्रॉइंग आणि यंत्रकाम घ्यावे हा त्यांचाच आग्रह. वर्गात ती एकटीच मुलगी होती. नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी डावा हात वर करून दाखवीत असे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लेथने माझा अर्धा अंगठा नेला. यंत्रापुढे गाफील राहिले की काय होते, ते दाखवायला याहून चांगले साधन माझ्यापाशी नव्हते. मुले माना खाली घालत. सुजाताने हात वर केला आणि विचारले, “सर, मशीन बंद करायचं बटन कुठं हुतं?” मी म्हणालो, हातभर लांब, पलीकडच्या बाजूला. “मंग चूक तुमची एकट्याची न्हाई,” ती म्हणाली. मी तिला तासभर बाहेर उभे केले. तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, माझ्या आयुष्यात मला कोणी विचारलेला सर्वांत नेमका प्रश्न होता, हे मान्य करायला मला वीस वर्षे लागली. ज्यांना आज ती केवळ शब्द पुरवणारी वाटते, त्यांनी या प्रश्नापासून सुरुवात करावी.

पदविका घेऊन तिने बेलापूरच्या पेठेत मोबाईल दुरुस्तीचे दुकान घातले. लग्न केले नाही. त्यावरही गावात पुष्कळ आवृत्त्या आहेत, त्यांना मी आज हात लावत नाही. त्याच सुमारास आमच्या भागातल्या पशुसखींना, म्हणजे गोठ्या-गोठ्यांत जाऊन जनावरांची लस, गाभण तारखा, आजारपण यांची नोंद ठेवणाऱ्या बायकांना, एका कंपनीचे जाड बुडाचे, पाण्याला दाद न देणारे मोबाईल मिळाले. मोबाईल चांगले होते. पण अडकले की अडकत. अशा वेळी कडेची बटणे एकत्र दाबून धरली की दुरुस्तीचा एक काळा पडदा उघडतो. त्यालाच रिकव्हरी म्हणतात. तिथे काचेला बोट लावून काही होत नाही. आवाजाच्या बटणांनी ओळीवरून ओळीवर जायचे आणि चालू-बंदच्या बटणाने ओळ निवडायची. ओळी इंग्रजीत, आणि त्यांतली एक ओळ अशी, की ती निवडली तर मोबाईलमधले सगळे पुसले जाते. आठवड्याला एखादी तरी पशुसखी पुसलेला मोबाईल घेऊन सुजाताच्या दुकानात येई. कोल्हारच्या शेवंताबाईंच्या तर सबंध गावाच्या गायींच्या तारखा गेल्या. त्या पुन्हा दारोदार विचारत फिरल्या आणि लोकांनी त्यांनाच हसून घेतले. कंपनीचे म्हणणे एका ओळीचे होते: बायका वाचत नाहीत.

सुजाताने मला स्कूटरवर मागे बसवले आणि कोल्हारला नेले. मी का, असे विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही कुणाचंच पटकन ऐकत न्हाई, म्हणून.” शेवंताबाई धार काढून नुकत्या उठल्या होत्या. सुजाताने त्यांना एक जुना मोबाईल दिला आणि सांगितले, अडकलाय समजा, काय करता ते करा. शेवंताबाईंनी सगळी बटणे मुठीत गच्च दाबली. काळा पडदा आला, तरी मूठ सैल होईना. ओळ खाली सरकली, निवडली गेली, पुसायला सुरुवात झाली.

“मावशी, पडदा आला की सोडायचं ना,” सुजाता म्हणाली.

“सोडलं आन् बंद पडलं म्हंजी? आमच्यात मोटारपंपाचं बटन बी दाबूनच धरावं लागतंय. सोडलं की पानी गेलं.”

“पण वरती लिहिलंय की...”

“लिवलेलं मी नंतर वाचती. आधी हातातलं धरती. तू बी तसंच करशील, गाय सुटली तर.”

परत येताना प्रवरेचा पूल लागला. सुजाता स्कूटर कडेला घेऊन म्हणाली, “सर, त्या वाचतात. त्यांचं बोट सुटत न्हाई एवढंच. बोट सुटल्याशिवाय पडद्यानं काहीच करायचं न्हाई.” संपूर्ण रचना त्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य पुण्यात नव्हे, पुलाच्या कठड्यापाशी उच्चारले गेले. साक्षीदार मी आहे.

पुढचे तीन महिने ती दर रविवारी माझ्या ओसरीवर ड्रॉइंगबोर्ड मांडून बसे. माझा तिच्याशी वाद झाला, हेही नोंदवतो, म्हणजे मी तिची केवळ तारीफ करतो असे कोणी म्हणायला नको. पडदा कोणत्याही मोबाईलला लागू पडेल असा सर्वसाधारण असावा, असे माझे मत होते. चांगल्या आराखड्याचे ते लक्षण, असे मी छत्तीस वर्षे शिकवत आलो होतो. तिने कागदावर तोच मोबाईल ठेवून त्याची कड गिरवली. “ह्याचं आवाजाचं बटन डाव्या कडेला, वरनं दोन बोटं खाली. माझा बाण बरोबर त्या बटनाला चिकटून उगवणार. दुसऱ्या मोबाईलवर लावला तर तो हवेत बोट दाखवंल. दाखवू द्या.” शेवंताबाईंना प्रत्येक मोबाईलचा पडदा नको होता, त्यांच्या हातातल्या मोबाईलचा हवा होता. मी हरलो. पुसण्याची ओळ तिने सर्वांत खाली टाकली, आणि ती निवडायला दोन बाजूंची दोन बटणे, मध्ये हात काढून, अशी अट घातली. आणि सर्वांत आधी, काहीही दिसण्यापूर्वी, मोबाईल धरलेला एक हात आणि तीन शब्द: आधी बोट काढा.

त्या हातासाठी तिने मला मोबाईल धरायला लावला. मी म्हणालो, अगं, धडधाकट हात घे कुणाचा तरी. “नको. चांगल्या बोटाला सगळंच जमतं,” ती म्हणाली आणि माझ्या डाव्या मुठीकडे पाहत पेन्सिल चालवू लागली. माझा अंगठा बटणाला पोचेपर्यंत पडद्याने किती वेळ थांबायचे, तेही तिने माझ्याच हातावर मोजले.

कागद घेऊन ती पुण्याला गेली, नकार घेऊन परतली, पुन्हा गेली. एका साहेबांना पुसण्याची ओळ वरच हवी होती, कारण कार्यालयात चाचणी करताना तीच सारखी लागते. “तुमाला लागती म्हणून ती मावशीच्या बोटाखाली का?” असे तिने त्यांना विचारले, हे मला तिनेच सांगितले. शेवटी त्यांनी ते घेतले. चित्र मात्र आमचा चित्रकार नीट काढील, असे म्हणाले. सुजाता हसून म्हणाली होती, “काढू द्या. हात कुणाचा का असंना.” मोबाईलमधले पडदे बदलले, पुसलेले मोबाईल दुकानात येणे थांबले, आणि दुकानाचे तेवढे गिऱ्हाईक कमी झाले. तिने त्याचाही आनंदच मानला.

मूत्रपिंडाच्या आजाराने ती दोन वर्षे झिजली. त्या काळातही तिने दुकान सोडले नाही. डायलिसिसच्या दिवशी पाटी उलटी लावून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसे. शेवटचे भेटलो तेव्हा ती अंथरुणावर उशीला टेकून कुणाच्या तरी मोबाईलचा स्क्रू फिरवीत होती. मी नेहमीप्रमाणे चिडून म्हणालो, कंपनीने तुझे नाव कुठे लिहिले नाही. तिने स्क्रू बशीत ठेवला. “नाव नको सर. पण चुकीचं लिहिलं तर खोडा. तुमी आमच्या कागदांवर लाल पेन्सिलीनं खोडायचा तसं...” 

शोकसभेत माझ्यापाशी लाल पेन्सिल होती, पुरावा नव्हता. तिचे कागद पुण्यात गेले ते आलेच नाहीत. पुलावरचे बोलणे ऐकणारा मी एकटा. आणि माझा स्वभाव सर्वांना ठाऊक असल्याने माझी साक्ष कोणी फारशी धरत नाही. तयार झालेला पडदा तर मी कधी पाहिलाच नव्हता. माझा मोबाईल साधा आहे, आणि कोणाचा चांगला चाललेला मोबाईल मुद्दाम अडकवायला सांगणे मला प्रशस्त वाटले नव्हते.

गेल्या मंगळवारी मी एसटीने कोल्हारला गेलो. शेवंताबाई गोठ्यातच होत्या. मी कारण सांगितले. त्यांनी हात पदराला पुसले, मोबाईल बंद केला आणि कडेची बटणे मुठीत दाबली. अजूनही तशीच गच्च. पडदा उजळला. बाण बरोबर बटणाला चिकटलेला, शेजारी मोबाईल धरलेला डावा हात आणि खाली ते तीन शब्द. शेवंताबाईंनी मूठ सोडली. पडद्याकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे.

“सर, अडकलं की दर बारीला बघती ह्ये... ध्यानातच आलं न्हाई.”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मुख्याध्यापकांनी, पाटी रंगवणाऱ्याने आणि पत्र लिहिणाऱ्या साहेबांनीही एकदा पाहावे. पुणे कार्यालयातला एकही मनुष्य मला आजवर भेटलेला नाही. पडद्यावरच्या त्या हाताचा अंगठा अर्धा आहे.