पापड-पाणी

मंडळी, आज भर उन्हात मामेभाऊ आला. मी चहा ठेवला, तर म्हणतो, "दीदी, पापड-पाणी नाही का?"

आम्ही सिंधी. फाळणीत चिखलीला आलो तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होतं, मी सात वर्षांची. आमच्यात उन्हातून आलेल्या पाहुण्याले आधी पापड-पाणी देतात. आईनं शेजारच्या काकूले तेच दिलं. इथं पापड जेवणासोबत, म्हणून काकू ताटाची वाट पाहत बसल्या. घरात एकाच वेळचं पीठ होतं. आईनं पोळ्या लाटून वाढल्या. आम्ही उपाशी राह्यलो. तेव्हापासून आमच्याकडं पाहुण्याले चहा.

आज भावासाठी डबा उघडला. पापडच नव्हते.

इथलं होता होता दमले बाई मी. तुमच्या घरातून असं काय गेलं, अन् कधी?