लोगोतला 'म'

मंडळी, आज एका ॲपचे स्क्रीन आणि लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं संपवायची होती. दोन्ही राहिली.

सकाळी रश्मीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा मनोज सर्जापूर रोडवर बेकरी चालवायचे. 'र' आणि 'म' एकमेकांना टेकवून त्यांचा लोगो मीच केला होता.

"दादा, त्यातला 'म' काढून दे ना. आम्ही वेगळे झालोय."

"नवीनच करू का?"

"नको रे. लोक हाच ओळखतात."

'म' काढला तर 'र' कलंडल्यासारखा दिसायला लागला. दुपारभर तो सरळ करत बसलो.

पाठवल्यावर तिने विचारलं, "बरा दिसतोय ना?"

"हो," एवढंच बोललो. फार थकलोय आज. अशा वेळी समोरच्याला काय म्हणावं हो?