मुंबईहून परत गेलेली पेटी

“आजी, तुमची पेटी परत पाठवली,” कुरिअरचा माणूस मुंबईहून फोनवर म्हणाला. नात माझ्या मांडीवर सकाळपासून रडत होती.

नात सहा वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही. परदेशात नर्स असलेल्या माझ्या धाकट्या लेकीने तिच्यासाठी ती पेटी पाठवली होती. चित्र दाबले की पेटी बोलते: पाणी दे, पोट दुखते, कान दुखतो. आवाज लेकीनेच भरला होता.

पंधरा दिवसांपूर्वी याच माणसाने फोनवर विचारले होते, “हे हत्तीसारखं दिसतंय. खेळणं आहे का?”

खेळणे म्हटले की लवकर सुटेल, असे मला वाटले. मी म्हणाले, “होय ना भाऊ, लेकराचं खेळणंच आहे. सोडून द्या.”

कस्टमवाल्यांनी पेटी खेळण्यांत घातली. बाहेरून आलेल्या खेळण्यावर आपल्याकडचा आयएसआय शिक्का लागतो, तो तिच्यावर नव्हता. अपंगाचे साधन म्हणून सांगितले असते तर डॉक्टरचा कागद दाखवून प्रयत्न करता आला असता, हे कुरिअरच्या माणसाने आता सांगितले. कागद माझ्याजवळ होता.

“मंग आता साधन म्हणून लिवा ना! तवाच काऊन नाई सांगितलं मले?”

“तुम्हीच खेळणं म्हणालात, आजी. आता ती विमानात गेली.”

फोन ठेवला. मी नातीचे पोट चोळले, मग कान दाबून पाहिला. ती दोन्ही वेळा सारखीच रडली. कुरखेड्याच्या दवाखान्याकडे जाणारी बस निघून गेली होती. घरात आम्ही दोघीच होतो, ती आणि मी.