न उठलेली बाहुली

जपानमधल्या आइझू गावाच्या जानेवारीतल्या बाजारात मित्सुएचा दीर शिगेजी पुढे गल्ल्यावर आणि ती मागे, हे तिचं लग्न झाल्यापासूनचं. बाहुल्या मात्र तिच्या. बोटाएवढ्या, कागदाच्या लगद्याच्या, बुडाशी मातीचा गोळा. पाडली की बाहुली डुलत डुलत उठते ती त्या गोळ्यामुळे. गोळा नीट सुकून मधोमध घट्ट बसला पाहिजे, एवढंच त्यातलं शास्त्र, आणि त्यातच तिचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक मूठभर बाहुल्या चटईवर टाकायचं आणि उठतील त्या घ्यायचं. घरात माणशी एक, आणि वर एक, घर वाढावं म्हणून. बाहुली उठली तर तिचं माणूसही वर्षभर पडलं तरी उठतं, असा समज.

या वर्षी तिचं मनगट दुखावलं आणि अर्धं काम शिगेजीकडे गेलं. या आळशाने माती ओलीच भरली आणि बाहुल्या स्टोव्हपाशी शेकल्या. गोळे आकसून सुटले, एका बाजूला घसरले. आडव्या पडून राहणाऱ्या त्या बाहुल्या त्याने चांगल्यांत मिसळून तीन-तीनच्या पिशव्यांत बंद केल्या. मित्सुएला हे कळलं ते ऐन बाजारात.

"वहिनी, टुरिस्ट कुठे टाकून बघतात? फोटो काढतात नि जातात."

"शी! लाज कशी वाटत नाही रे?"

"तुमचं मनगट धड असतं तर ही वेळ आली असती का?"

मिसोची खारट चटणी लावलेला मोचीचा, तांदळाच्या चिकट वडीचा, तुकडा तो चघळत होता, आणि त्याच चिकट बोटांनी पिशव्या रचत होता. मित्सुएने तोंड फिरवलं. इतकी वर्षं या माणसाला आपण भात वाढला!

तेवढ्यात शेजारच्या गावची सुमाकाकू आली. तिचा मुलगा योइची छपरावरचा बर्फ लोटताना खाली पडला होता. कमरेतून गेला, तो अजून अंथरुणातच. घरात दोघंच.

"यंदा वाकवत नाही गं," म्हणत तिने पिशवी उचलली. "तुझ्या हातच्या आहेत, टाकून काय बघायच्या?"

शिगेजीने मित्सुएला डोळ्यांनीच दटावलं. त्या डोळ्यांची तिला एवढी किळस आली की तिने म्हातारीच्या हातातली पिशवी ओढली, फाडली आणि बाहुल्या चटईवर टाकल्या.

दोन उठल्या. तिसरी गालावर पडून राहिली.

"ती कुणाची?" सुमाकाकूने हळूच विचारलं. "योइचीची?"

"नाही हो काकू! याच्या आळसाची!" मित्सुएने नखाने बूड फोडलं, घसरलेला गोळा काढून दाखवला. "बघा, माती सुटलीये. तुमच्या योइचीचा काही संबंध नाही."

सुमाकाकूने गोळा बघितला, मान हलवली. मग उठलेल्या दोन बाहुल्या चटईवरून उचलल्या आणि मित्सुएसमोरच्या टोपलीत ठेवल्या.

"काकू, या घ्या ना. या चांगल्या आहेत."

"असतील गं," ती म्हणाली, आणि काहीच न घेता बर्फातून निघून गेली.

"गेलं ना गिऱ्हाईक?" शिगेजी बोटं चाटत म्हणाला.

मित्सुए टोपलीत बघत राहिली. त्या दोन्ही तिच्या हातच्या होत्या.