चाचांच्या डोक्यातली वजनं

स्टाफरूममध्ये कुणी सहज म्हटलं, "चहात साखर कमीच आहे आज," की दारातून आवाज यायचा, "तीनशे बेचाळीस." कुणी डबा उघडून भाजीतल्या मिठाबद्दल कुरकुरलं, की "अठ्ठावन्न पॉइंट पाच." नवे लोक दचकायचे. जुन्यांना ठाऊक होतं, की हे आपले चाचा आणि हे त्या पदार्थाचे रेणुभार. एकदा दाढी झाल्यावर न्हाव्याने गालावर तुरटी फिरवली, तर त्यालाही म्हणाले, "चारशे चौऱ्याहत्तर." तो बिचारा घाबरून म्हणाला, "चाचा, मी चाळीसच घेतो हो!"

चाचा म्हणजे द्वारका चौकाजवळच्या आमच्या ज्युनियर कॉलेजातले केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट. मालेगावच्या विणकर घरातले, शिक्षण दहावीपर्यंत. पण प्रॅक्टिकलला लागणारं प्रत्येक द्रावण त्यांच्या हातचं असायचं. मी त्याच कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले, त्यामुळे मला दोन नावं होती. मुलांसमोर 'मॅडम', मुलं गेली की 'बेटा'.

वजनं त्यांनी पुस्तकातून पाठ केली नव्हती. बाटल्यांवरची लेबलं वाचून वाचून ती डोक्यात बसली होती. तरीही तराजूवर काही ठेवण्याआधी ते लेबल पुन्हा वाचायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, पाठ आहे ना तुम्हाला?" तर म्हणाले, "पाठ आहे म्हणून तर वाचतो. ज्याला येत नाय तो वाचतोच, बेटा. ज्याला येतं तोच गच्चा खातो." पुढे बिघडलं ते नेमकं, त्यांनी लेबलाऐवजी माझं यंत्र वाचलं म्हणून.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं, तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा माणूस गेला की ही सगळी माहिती जाणार. त्याच सुमारास अमेरिकेतल्या माझ्या भावाने मुलीचा जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर मला दिला. वीटभर जाड, करडा पडदा, बटणंच बटणं, आणि त्यात आपण स्वतः प्रोग्रॅम लिहू शकतो. पदार्थाचं नाव निवडा, द्रावण किती हवं ते सांगा, किती ग्रॅम घ्यायचं ते पडद्यावर हजर. "मोबाइलमध्ये सगळं असतं की," असं प्राचार्य म्हणाले खरे, पण लॅबमध्ये मोबाइलला बंदी त्यांनीच घातली होती. शिवाय अ‍ॅसिडच्या बोटांनी मोबाइल कोण धरणार?

मग रोज मधल्या सुट्टीत वजनखोलीत दोन स्टुलं टाकून आमचं काम सुरू झालं. एकेक अक्षर दोन-दोन बटणं दाबून टाकायचं, त्यातून जागा तोकडी. मी नावं आखूड करायचे आणि चाचांना ते मुळीच रुचायचं नाही. "पोटॅशियमचं नुसतं पॉट? अरे, इज्जत से लिखो. चाळीस साल साथ दिला उसने." काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मला शंभर धातू घालायचे होते. ते म्हणायचे, "प्लॅटिनम कुठं हाय आपल्या कपाटात? जे कपाटात, तेच मशीनात." शेवटी शहाण्णव नावं ठरली. ती सगळी त्यांच्या कपाटातली.

एका गोष्टीत मात्र मी शहाणपणा केला. ते वजनं सांगू लागले, तेव्हा मी थांबवलं. "नको चाचा, मी सूत्रं टाकते. वजन मशीन काढेल." ते हसले. "बराबर हाय. मशीन शिकलेलं हाय." तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

त्या दिवसांत चाचा थोडे गप्प झाले होते, हे मला नंतर उमगलं. त्यांच्या थोरल्या भावाला म्हातारपणी विसरायचा आजार झाला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, शेवटी पोरांची नावं. त्यामुळे चष्मा कुठे ठेवला हे आठवलं नाही तरी चाचा धास्तावायचे. बोलायचे मात्र कुणाशी नाहीत.

बारावीची सराव परीक्षा आली. चाचांनी पहिल्यांदाच यंत्र बघून सगळी द्रावणं केली. मुलं ब्युरेटच्या काचनळीसमोर उभी राहिली. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये परमँगनेट थेंबथेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. वीस मिलीला टिकायला हवा. पहिल्या मुलीचा टिकला चौदा पॉइंट तीनला. मी तिला रागावले. दुसऱ्याचाही चौदा पॉइंट तीन. अख्ख्या बॅचचं उत्तर एकमुखाने चुकलेलं! मी ब्युरेटी तपासल्या, परमँगनेट बदललं, पिपेट धुवायला लावली. चाचा कोपऱ्यात हात बांधून उभे होते, चेहरा पांढराफटक.

मुलं गेल्यावर विचारलं, "चाचा, ऑक्झॅलिक किती घेतलंत?"

"नऊ ग्रॅम. मशीनवर नऊ होतं."

"आणि तुमच्या डोक्यात?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "डोक्यात बारा पॉइंट सहा होतं, बेटा. मला वाटलं, झालं सुरू. भाईजानसारखं."

मी कपाटातून बाटली काढली, लेबल वाचलं आणि माझे कान तापले. पुस्तकातल्या समीकरणात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड कोरडं असतं. बाटलीतल्या खड्यांत त्याच्यासोबत पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात आणि वजनात तेही धरावे लागतात. मी पुस्तकातलं सूत्र टाकलं होतं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या बाईने!

"चाचा, बारा पॉइंट सहाच बरोबर. मी पाणी विसरले."

"फिर बोल."

"मी पाणी विसरले."

"जोरात बोल, मॅडम!"

आणि तो माणूस जो हसायला लागला, तो स्टुलावर बसून, टेबल थोपटून, डोळे पुसत हसला. मीही हसत होते आणि मला रडूही येत होतं, कारण त्यांनी ते नऊ ग्रॅम कशा मनाने तोलले असतील ते आता मला दिसत होतं. पाच मिनिटांत ते गायब झाले आणि किलोभर जिलबी घेऊन उगवले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटली. निमित्त विचारलं की आनंदाने सांगायचे, "मॅडम चुकल्या!"

मग आम्ही सगळी सूत्रं पुन्हा तपासली. या वेळी प्रत्येक बाटली खाली उतरवून आणि मी तोंड मिटून. तहानलेली आणखी चार सापडली. पहिल्या पडद्यावर मी त्यांचं नाव टाकणार होते, पण त्यांनी ठाम नकार दिला. "नाव दिसलं की लोक भरोसा करतात. मी तुझ्यावर केला ना?"

निरोप समारंभाच्या दिवशी हार तयार होता, प्राचार्य भाषण घेऊन उभे होते, मालेगावहून चाचांचे लेक-जावई आले होते आणि उत्सवमूर्तीचा पत्ता नव्हता. मी शोधत वजनखोलीत गेले, तर दाराला आतून कडी. "आलो," एवढंच उत्तर. अर्धा तास आम्ही सगळे ताटकळलो. प्राचार्यांनी तेवढ्यात समोसे सुरू करायला सांगितले.

चाचा आले ते नवा सदरा घालून, हातात कॅल्क्युलेटर. सरळ माझ्यापाशी आले आणि तो माझ्या हातात ठेवला.

"शहाण्णवच्या शहाण्णव बघितले. पहिले मी बोलायचो, मग बटण दाबायचो. सगळे बराबर."

"म्हणजे आता माझ्या प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही!" मी म्हटलं.

"तुझे बराबर हायेत असं कुठं म्हणतो मी?" चाचा म्हणाले. "माझे बराबर हायेत."

आणि हार घालून घ्यायला त्यांनी मान पुढे केली.