मायची मांडणी

अक्का,

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सगळ्यात वर मायची भांड्यांची मांडणी बांधली होती, आठवतं? तू सासरहून निरोप द्यायला आली होतीस. नांदेड येईपर्यंत ती जुनी पत्र्याची मांडणी नुसती खडखड वाजत होती. मी वैतागून दोनदा उतरलो, दोरी आवळली. माय मात्र पुढच्या सीटवर मान टाकून गाढ झोपली होती. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

इथं आमचं पोट भरलं ते क्लासच्या पोरांमुळं. डॉक्टर व्हायला गावोगावची लेकरं येतात आणि दोन दिवसांत घरच्या भाकरीला आसुसतात. तुझ्या भावजयीनं, सुरेखानं, मेस सुरू केली. हळूहळू पोरं वाढली, स्वयंपाकघर पुरेना. ओट्याखाली कळकट पडदा, पडद्यामागं डबे आणि झुरळं. ओट्याखाली ट्रॉल्या करून घेऊ, असं ती म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

उदगीरचे सलीमभाई मिस्त्री आले. आमच्या फरशीला उतार, त्यामुळं कपाटांच्या पायांखाली पट्ट्या सरकवत, लेव्हल लावून बघत त्यांनी चार दिवस काम केलं. माणूस हाताचा मोठा साफ. शेवटी त्यांनी मायला बोलावून भांड्यांनी भरलेला ड्रॉवर जोरात ढकलला. तो जाता जाता हळू झाला आणि अलगद मिटला.

"बघा अम्मा, कितीबी ढकला, आवाज न्हाई."

"भांडे वाजतच न्हाईत का रे?" मायनं मला विचारलं.

"हाव," मी मोठ्या कौतुकानं म्हणालो. गाढव कुठला!

भिंतीला वरपर्यंत टाइल्स लावायच्या होत्या. माय देवळात गेलेली बघून मी मांडणी उतरवली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. परत आल्यावर माय त्या गुळगुळीत भिंतीकडं बघत राहिली. "चांगलं झालं," एवढंच बोलली.

त्यानंतर ती झोपेनाच. रोज पहाटे बघावं तर अंथरुणात उठून बसलेली. म्हातारपण म्हणून मी गोळ्या आणल्या. शेवटी एकदा चिडून म्हणालो, "माय, झोप की आता."

"वाजल्याबिगर मला कळंल कसं, बाळा?"

मग तिनं सांगितलं. तुलाही तिनं कधी सांगितलं नसेल. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे मांडणी दोनदा वाजली होती. पहिल्यांदा वाजली तेव्हा माय "मांजर असंल" म्हणून कुशीवर वळली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा तिनं तुला नि मला ओढत बाहेर काढलं. बा आतल्या खोलीत राहिला. ढिगाऱ्यातून तिनं ती चेमटलेली मांडणी का काढून आणली, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. भांडी जागी असायची म्हणून माय झोपायची.

मी भंगारवाल्याकडं धावलो. सगळा पत्रा दाबून ट्रकनं गेला होता. बाजारातून नवी मांडणी आणली, सलीमभाईंनी हळहळत टाइल्सला भोकं पाडून ती बसवली. पण ती जाड स्टीलची, हलवली तरी हलेना. माझं मन राखायला माय अंथरुणावर पडून राहायची, डोळे मात्र उघडे. मी काय करू शकत होतो?

परवा तिला तुझ्याकडं यायला अहमदपूरच्या एस.टी.त बसवलं. खिडकीतून म्हणाली, "तुजं घर लई चांगलं हाय, बाळा. मलाच झोप येत न्हाई."

काल तू फोनवर सांगितलंस की, माय आली तशी तान्ह्या लेकरासारखी झोपली. मला बरं वाटलं आणि रडूही आलं. तुझ्या लग्नात कपाट द्यायचं सोडून मायनं हट्टानं पत्र्याची मांडणी दिली, तेव्हा आपण किती हसलो होतो!

इथं आमचं बरं चाललंय. पण माय जिथं डोळा मिटते ते घर, एवढंच आता मला कळतं, आणि तसं घर मी तिला देऊ शकलो नाही. उद्या तुझा पोरगाही ट्रॉल्या करू म्हणेल. करू दे, अक्का. मांडणीला तेवढा हात लावू देऊ नकोस.